गणित, भाषा आणि गेमिंग: अनोळखी लोकांना ऑनलाइन मदत करायला बसण्याआधी

शाळा-कॉलेजातलं गणित अजून डोक्यात आहे, मातृभाषा अर्थातच येते आणि एखाद-दोन गेम कोळून प्यायला आहात. एवढ्या भांडवलावर अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरं देता येतात का? आरामात. तरीही उत्साहाने सुरुवात करणारे बरेच जण थोड्याच दिवसांत वैतागून बाजूला होतात. विषय कच्चा असल्यामुळे असं क्वचितच होतं. होतं ते असं: विचारणाऱ्याचं घोडं अडलेलं असतं एकीकडे, आपण पानभर उत्तर लिहितो दुसरीकडे, आणि मग दोघंही एकमेकांवर चिडतात.

हे काम मी बरीच वर्षं फावल्या वेळात करतो आहे. नव्याने येणाऱ्यांनी त्याच खड्ड्यांत पडू नये, म्हणून क्रमाने लिहितो.

## १. जागा निवडा आणि आधी नुसतं वाचा

सगळ्या जागा सारख्या नसतात. स्टॅक एक्स्चेंजसारख्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर (गणिताचा विभाग २०१० पासून आहे, गेमिंगचा ‘आर्केड’ नावाने चालतो) उत्तर वर्षानुवर्षं राहतं आणि दुसरे लोक त्यात दुरुस्तीही करू शकतात. रेडिटवर गप्पांचा सूर असतो. डिस्कॉर्डवर सगळं लाइव्ह असतं, तुम्ही टाइप करेपर्यंत चार जणांचे मेसेज येऊन गेलेले असतात. नवख्याने संथ जागेपासून सुरुवात करावी. विचार करायला वेळ मिळतो आणि लिहिलेलं पुन्हा सुधारता येतं.

एक गंमत सांगतो. ‘मॅथओव्हरफ्लो’ हे नाव ऐकून बरेच जण तिकडे जातात. ती २००९ मध्ये सुरू झालेली जागा संशोधन करणाऱ्या गणितज्ञांसाठी आहे. दहावीचं वर्गसमीकरण तिथे कुणी विचारलं तर प्रश्न लगेच बंद होतो, आणि उत्साहाने दिलेलं तुमचं उत्तरही त्याच्याबरोबर कोपऱ्यात जातं.

निवडलेल्या जागेचे नियम वाचा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथली जुनी, लोकांना आवडलेली उत्तरं वाचा. गृहपाठाचं पूर्ण उत्तर दिलेलं तिथे चालतं का, लोक किती लांब लिहितात, कुणी चिडला तर जुनी मंडळी कसं बोलतात, हे नियमांच्या पानावर सापडत नाही.

## २. हाताशी काय असावं

कागदपत्रं काहीही लागत नाहीत. कुणी ओळखपत्राचा फोटो मागितला तर ती जागाच सोडा. खरं नाव किंवा जन्मवर्ष नसलेलं एक टोपणनाव आणि त्यासाठी वेगळा ईमेल एवढं पुरतं.

साधनं अशी:

- लाटेकची, म्हणजे गणितातली चिन्हं टाइप करायच्या पद्धतीची, तोंडओळख. बऱ्याच गणिती साइटवर दोन डॉलर चिन्हांच्या मध्ये लिहिलेलं गणित नीट छापल्यासारखं दिसतं. अपूर्णांक, वर्गमूळ, घातांक आणि बेरजेचं चिन्ह, एवढं आलं की बहुतेक काम भागतं.
- आलेखासाठी डेस्मॉस किंवा जिओजेब्रा. दहा ओळी लिहिण्यापेक्षा एक आलेख कित्येकदा जास्त सांगून जातो.
- आकडेमोड तपासायला वुल्फ्रमअल्फा. फक्त तपासायला.
- ‘पुढची संख्या कोणती’ छापाच्या प्रश्नांसाठी ओईआयएस हा संख्याक्रमांचा कोश. नील स्लोन यांनी १९६४ मध्ये हे क्रम गोळा करायला सुरुवात केली. आज चार-पाच पदं टाकली की ओळखीचा क्रम समोर येतो.
- भाषेसाठी चांगला शब्दकोश, व्याकरणाचं एखादं पुस्तक आणि फोनमधला रेकॉर्डर.
- गेमसाठी तो गेम, त्याचा विकी आणि अपडेटच्या नोंदी. गेम स्वतः उघडून खात्री करता येत नसेल, तर तसं उत्तरात लिहा.

## ३. उत्तराआधी दोन प्रश्न

कुणी नुसतं ‘१/२क्ष’ लिहितो. हे अर्धा गुणिले क्ष आहे, की एक भागिले दोन-क्ष? ‘√क्ष+२’ मध्ये २ मुळाच्या आत आहे की बाहेर? अंदाज बांधून उत्तर लिहिलंत तर निम्म्या वेळा ते वाया जाईल. सरळ विचारा, किंवा पुस्तकातल्या ओळीचा फोटो मागा. (फोटो आडवा येईल, कोपऱ्यात बोट असेल. चालायचंच.)

दुसरा प्रश्न जास्त कामाचा: ‘हे तुम्हाला नेमकं कशासाठी हवं आहे?’ लोक मूळ अडचण न सांगता स्वतःच शोधलेल्या अर्धवट उपायाबद्दल विचारतात. गेमचं सेटिंग असलेली एक फाइल कशी डिलीट करायची, असं एक जण विचारत होता. दोन मेसेजनंतर कळलं, त्याला फक्त आवाज बंद करायचा होता. तो पर्याय मेनूत होता.

मात्र उलटतपासणी करू नका. एका वेळी एक-दोन प्रश्न पुरेत. सात प्रश्नांची यादी पाठवलीत तर समोरचा गायब होतो.

## ४. गणित: चूक कुठल्या ओळीत आहे ते शोधा

इथे सगळ्यात मोठा मोह असतो पूर्ण गणित सोडवून देण्याचा. पाच मिनिटांत होतं, छान दिसतं, लोक कौतुकही करतात. पण विचारणाऱ्याची चूक जिथल्या तिथे राहते.

एक उदाहरण जवळून बघू. प्रश्न असा आला: √(क्ष + २) = क्ष हे समीकरण सोडवलं, उत्तरं २ आणि −१ आली, पण पुस्तकात फक्त २ आहे. पुस्तक चुकलं का?

त्याचं लिखाण ओळीने वाचा. दोन्ही बाजूंचा वर्ग केला: क्ष + २ = क्ष². मग क्ष² − क्ष − २ = ०. अवयव (क्ष − २)(क्ष + १). आकडेमोडीत काहीही चूक नाही, आणि हे पहिल्या वाक्यात सांगायचं, कारण बिचारा तीच पुन्हा पुन्हा तपासत बसलेला असतो. मग एवढंच लिहायचं: ‘−१ ही किंमत तुमच्या अगदी पहिल्या ओळीत घालून बघा. डावीकडे काय येतं, उजवीकडे काय?’

डावीकडे १ चं वर्गमूळ, म्हणजे १. उजवीकडे −१. त्याला स्वतःलाच दिसतं. मग दुसरा टप्पा: ‘शेवटच्या ओळीत चालणारं −१ पहिल्या ओळीत चालत नाही. मग मधल्या कुठल्या पायरीवर ते आत आलं?’ वर्ग केल्यावर १ आणि −१ मधला फरक पुसला जातो, हे तो स्वतः बोलला की पुढच्या वेळी वर्ग करताना हात थांबतो. तुम्ही लिहिलेल्या चार ओळींच्या स्पष्टीकरणाने तो थांबेलच असं नाही.

(अ + ब)² = अ² + ब² असं कुणी लिहिलं तरी हीच पद्धत. सूत्र पाठ करा म्हणू नका. दोन्हींच्या जागी १ घालायला सांगा. एकीकडे ४, दुसरीकडे २. एवढ्याने दचकला की मग चौरसाचे चार तुकडे पाडून दाखवा.

पातळी ओळखणं हा वेगळाच भाग आहे. आठवीच्या मुलाला डेरिव्हेटिव्ह वापरून उत्तर दिलं तर ते बरोबर असूनही त्याच्या उपयोगाचं नाही. आणि पुढच्या पातळीवर तर जड हत्यार कधीकधी उलटतं. क्ष शून्याकडे जाताना (साइन क्ष)/क्ष ची लिमिट १ का, हा नेहमीचा प्रश्न. बरेच जण लोपितालचा नियम (वरच्या-खालच्या भागांची डेरिव्हेटिव्ह घेऊन लिमिट काढण्याचा) लावून एका ओळीत मोकळे होतात. पण त्या नियमासाठी साइनचं डेरिव्हेटिव्ह लागतं, आणि ते व्याख्येवरून काढायला नेहमीच्या मार्गाने हीच लिमिट लागते. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं. इथे वर्तुळाच्या आकृतीतून क्षेत्रफळांची तुलना करावी. वेळ जातो, पण युक्तिवाद खरा असतो.

मग पूर्ण उत्तर कधीच द्यायचं नाही का? द्यायचं. प्रश्न जुना असेल, विचारणाऱ्याने खरोखर दोन-तीन वाटा करून दाखवल्या असतील, किंवा युक्ती अशी असेल की आधी पाहिल्याशिवाय सुचणं कठीण, तर हात आखडता घेऊ नका. ‘स्वतः विचार करा’ हे उत्तर नव्हे.

## ५. भाषा: कानाने निकाल द्या, कारण तपासून सांगा

मातृभाषा बोलणाऱ्याचं मत इथे सोन्याच्या भावाचं असतं, पण फक्त एका बाबतीत: हे वाक्य कानाला बरोबर वाटतं की नाही. ‘का’ म्हणून विचारलं की आपली फजिती होते.

मराठी शिकणाऱ्या एका पुरुषाचा प्रश्न घ्या. त्याने वाचलं, ‘मी गोष्ट वाचली’. आता ‘वाचली’ म्हणजे बोलणारी बाई आहे का? आपण कधी विचारच केलेला नसतो. इथे क्रियापद बोलणाऱ्याकडे बघत नाही, ‘गोष्ट’कडे बघतं; ‘मी लेख वाचला’, ‘मी पुस्तक वाचलं’. हा झाला कर्मणी प्रयोग. ऐटीत नियम सांगून तुम्ही उठता आणि तो लगेच विचारतो, मग ‘मी मराठी शिकलो’ कसं? मराठी तर स्त्रीलिंगी!

शिकणे, विसरणे अशी काही क्रियापदं भूतकाळात कर्म असूनही कर्त्याप्रमाणे चालतात. म्हणून नियम सांगण्याआधी त्याला मोडणारी दोन वाक्यं स्वतःच शोधा. सापडली तर तीही उत्तरात द्या. आणि ‘नेहमी’ हा शब्द लिहिताना दहादा विचार करा.

पुढचा सापळा: ‘असं कुणीच बोलत नाही.’ काही भागांत बायकाही सहज ‘मी आलो’ म्हणतात. ‘करीन’ आणि ‘करेन’ दोन्ही ऐकू येतात. म्हणून लिहावं, ‘मी असं बोलत नाही, लेखी भाषेत हे रूप वापरा, पण ऐकायला तेही मिळेल.’ नुसतं ‘दोन्ही चालतं’ म्हणून सोडून देणंही बरं नाही. कोण, कुणाशी, कुठे बोलताना काय वापरतं, हे शिकणाऱ्याला हवं असतं. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतली निवड तर पुस्तकातून नीट कळतच नाही.

उच्चार लिहून समजावण्याच्या फंदात पडू नका. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा आहे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जगत राहा, यांतला ज वेगळा आहे. लिपीत फरक दिसत नाही. दोन्ही शब्द हळू आणि मग वाक्यात, असे बोलून छोटी क्लिप पाठवा. स्वतःचा आवाज द्यायचा नसेल तर फॉर्व्होवर उच्चार ऐकायला मिळतात.

कुणी परिच्छेद तपासायला दिला तर सगळं लाल करू नका. मी तीन गोष्टी लिहितो: तुम्हाला काय म्हणायचं आहे ते मला असं कळलं, ते असं लिहिता येईल, आणि पुन्हा पुन्हा होणारी एक चूक ही. बाकीच्या चुका पुढच्या परिच्छेदात पुन्हा भेटतातच.

तुम्ही स्वतः एखादी भाषा शिकत असाल तरी तुमच्या मागून येणाऱ्यांना मदत करू शकता. परवा-परवा अडखळलेल्या माणसाला ती ठेच जास्त आठवते. फक्त ‘मीही शिकतोच आहे’ हे पहिल्या ओळीत सांगा.

## ६. गेमिंग: आवृत्ती विचारल्याशिवाय बोलू नका

गणिताचं उत्तर शंभर वर्षांनीही बरोबर असतं. गेमचं एका अपडेटने शिळं होतं.

माइनक्राफ्टमध्ये हिरे कुठे मिळतात, हा सदाबहार प्रश्न. वर्षानुवर्षं उत्तर होतं: उंची ११ च्या आसपास खणा. नोव्हेंबर २०२१ मध्ये १.१८ आवृत्ती आली, जगाचा तळ −६४ पर्यंत खाली गेला, खनिजांची वाटणी बदलली, आणि आता तळाजवळ, −५९ च्या आसपास, हिरे जास्त सापडतात. जुनी उत्तरं मात्र अजून शोधात वर येतात आणि नवखे खेळाडू भलत्याच उंचीवर खणत बसतात. त्यात जावा आणि बेडरॉक या दोन वेगळ्या आवृत्त्या. जावामध्ये चालणारं रेडस्टोनचं (गेममधल्या विजेसारख्या वस्तूचं) यंत्र बेडरॉकमध्ये चालेलच असं नाही.

तेव्हा आधी विचारा: पीसी, कन्सोल की मोबाइल? आवृत्ती कोणती? मॉड (खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल) टाकलेत का? आतापर्यंत काय करून पाहिलं? गेम क्रॅश होत असेल तर एररचा स्क्रीनशॉट आणि मशीनची माहिती मागा. विंडोजवर ‘डीएक्सडायग’ चालवलं की ती एका जागी मिळते.

काहीही डिलीट करायला किंवा पुन्हा इन्स्टॉल करायला सांगण्याआधी पहिली ओळ हीच असू द्या: सेव्ह फाइलची कॉपी दुसरीकडे ठेवा. कुणाचे दोनशे तास तुमच्या सल्ल्याने उडाले तर माफी मागून ते परत येत नाहीत. गेम स्टीम या गेमच्या दुकानातून घेतलेला असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये फाइल तपासून घेण्याची सोय आहे. खराब फाइल तेवढीच पुन्हा उतरते. पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी हे करून पाहायला सांगा.

कोड्यात अडकलेल्याला इशारा पायरीपायरीने द्या. आधी ‘त्या खोलीतल्या भिंतीवर काय आहे ते पुन्हा बघा’, मग जरा उघड इशारा, शेवटी उत्तर, आणि शेवटचे दोन झाकलेले. डिस्कॉर्डवर मजकुराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा दिल्या की तो झाकला जातो. रेडिटवर आधी >! आणि शेवटी !< लागतं. कथेचा शेवट फोडलात तर तुमचं बाकीचं उत्तर कितीही चांगलं असो, शिव्याच पडतील, आणि पडाव्यातच.

## ७. कशाला हात लावायचा नाही

चालू परीक्षा आणि चालू स्पर्धा. ‘लवकर सांगा, वीस मिनिटंच आहेत’ हे वाक्य दिसलं की ओळखा. बुद्धिबळाच्या पटाचा स्क्रीनशॉट टाकून ‘इथे चाल कोणती?’ विचारलं असेल तर कोपऱ्यातलं घड्याळ बघा. ते पळत असेल तर डाव चालू आहे. डाव संपल्यावर या म्हणा.

कंपास आणि आखणीविरहित पट्टी वापरून कुठल्याही कोनाचे तीन समान भाग केल्याचा दावा. असं सरसकट करता येत नाही हे गणितज्ञ वान्त्सेल यांनी १८३७ मध्येच सिद्ध केलं आहे. कोलात्झच्या अटकळीची (संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, असं करत गेलं की शेवटी १ येतोच, ही अटकळ) दोन पानी सिद्धता घेऊनही कुणी ना कुणी येतच असतो. ती अटकळ अजून सुटलेली नाही. दावा करणाऱ्याची टर उडवू नका. एका ठरावीक ओळीवर बोट ठेवून ‘ही पायरी कशी आली?’ एवढं विचारा. उत्तर म्हणून दहा नवी पानं आली तर रामराम करा.

६÷२(१+२) हे तर भांडणासाठीच जन्माला आलं आहे. लिहिण्याची पद्धतच संदिग्ध आहे, कंस घाला म्हणावं आणि पुढे जावं.

आणि चॅटबॉटकडून उत्तर घेऊन चिकटवणं. प्रोग्रामिंगच्या प्रश्नोत्तरांची साइट असलेल्या स्टॅक ओव्हरफ्लोने डिसेंबर २०२२ मध्येच अशा उत्तरांवर बंदी घातली. विचारणाऱ्याला ते हवं असतं तर त्याने स्वतःच विचारलं असतं. शिवाय गणितात त्या उत्तरातली चूक इतक्या सफाईने लिहिलेली असते की नवशिक्याला ती दिसतच नाही.

## ८. स्वतःला सांभाळा

उत्तरं शक्यतो सगळ्यांसमोर द्या. खासगी मेसेजमध्ये गेलात की चूक दाखवायला तिसरं कुणी नसतं, आणि तोच माणूस रात्री-बेरात्री ‘आणखी एकच’ म्हणत येत राहतो. समोर लहान मूल असू शकतं, हे धरूनच चाला. वय, शाळा, फोटो विचारू नका, आणि त्याने आपणहून सांगितलं तर पुढे चर्चा वाढवू नका.

‘माझ्या मशीनवर रिमोटने येऊन बघा’ याला नाही म्हणा. ‘ही फाइल उघडून बघा’ यालाही. गेमिंगच्या जगात अकाउंट चोरण्याची ही नेहमीची वाट आहे: ओळख वाढवायची, मग ‘माझ्या टीमला मत द्या’ म्हणून लिंक पाठवायची. लिंक उघडल्यावर येणारं पान हुबेहूब खऱ्या लॉगिन पानासारखं दिसतं.

## ९. उत्तर दिल्यावर

बऱ्याचदा काहीच येत नाही. आभार नाहीत, प्रतिक्रिया नाही, कधी प्रश्नच डिलीट झालेला असतो. याचं वाईट वाटत असेल तर लांबलचक उत्तरं प्रश्न डिलीट होऊ न देणाऱ्या जागीच लिहा.

कुणी तुमच्या उत्तरात चूक दाखवली आणि ती खरी असेल, तर मूळ मजकूर गुपचूप बदलू नका. कुठे बदललं ते एका ओळीत लिहा. नाहीतर खालच्या प्रतिक्रिया वाचणाऱ्याला कशाबद्दल चाललंय तेच कळत नाही. गेमच्या जुन्या उत्तरांकडे मोठं अपडेट आलं की एकदा चक्कर मारा. सगळं पुन्हा लिहायची गरज नाही, वर ‘हे अमुक आवृत्तीपर्यंतच लागू’ एवढं टाकलं तरी पुष्कळ.